ज्वारीचे एकशे अठरा दाणे

सारजाबाईचं मडकं साऱ्या बोरदऱ्यात गाजलेलं होतं. तसं बघायला गेलं तर आठवडी बाजारात मिळतं तसलंच काळं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला मूठ जाईल एवढं भोक. पण ह्या मडक्यानं नानासाहेबांसारख्या माणसाला तीनदा चीत केलं होतं, आणि ते काही सोपं काम नव्हतं.

बोरदरा म्हणजे चिकलठाण्याच्या पुढं, जालना रस्त्याला लागून असलेलं गाव. दीड-दोनशे उंबरा. गावात पंचवीस वर्षं नानासाहेबांचीच सरपंचकी. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याला लोकमताचा भारी शौक. ऊठसूट ग्रामसभा बोलवायची, पारावर उभं राहायचं आणि विचारायचं, "मंजूर हाये का?" समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी त्याच्या शेतात खुरपलेलं, उरलेल्या निम्म्यांची पोरं त्याच्या चिठ्ठीवर कुठंतरी चिकटलेली. कुणाची छाती व्हावी हात खाली ठेवायची? सगळे हात वर. ग्रामसेवक बद्रीनाथ तर 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द सकाळीच लिहून आणायचा, मग सभेत निवांत सुपारी कातरत बसायचा.

मग सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि सारजाबाई निवडून आली. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या सालातला तिचा जन्म, म्हणजे तेव्हा पन्नाशीला टेकलेली. चौथीपर्यंत शिकलेली, आवाज खणखणीत, आणि मनात आलेलं ओठावर आणायला तिला कधी वेळ लागला नाही. नानासाहेब हसून म्हणाले, "चांगलं झालं, वहिनी. तुम्ही सही करा, कारभार आम्ही बघतो." ती म्हणाली, "व्हय नाना, बघा की. बघायला कुणाची मनाई हाये?"

पहिल्याच सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. टाकी नानासाहेबांच्या दारात बांधायची की मधल्या आळीत? हात वर करायला सांगितले, तर सगळे हात नानासाहेबांच्या दाराकडचे. मधल्या आळीतल्या बायकांचेसुद्धा! ज्या रोज अर्धा कोस घागर वाहत होत्या, त्यांचेसुद्धा! सारजाबाईचं टाळकंच सरकलं. घरी गेली, चुलीमागचं मडकं उचललं, ज्वारी आणि तूर ओटीत घेतली आणि पुन्हा पारावर आली. म्हणाली, "प्रत्येकानं एक ज्वारी घ्यायची, एक तूर घ्यायची. 'हो' म्हणायचं असंल तर ज्वारी आत टाका, 'नाय' म्हणायचं असंल तर तूर. मूठ झाकून हात आत घालायचा. राहिलेला दाणा जाता जाता कोंबड्यांना टाकायचा. कुणी कुणाला इचारायचं नाय, कुणी कुणाला सांगायचं नाय."

मडकं उपडं केलं तेव्हा टाकी मधल्या आळीत गेली होती. नानासाहेब दाण्यांच्या ढिगाकडं असे बघत राहिले की जणू त्यांच्याच कणगीतून कुणीतरी चोरून आणलेत.

तिथून सारजाबाईला गोडी लागली. जत्रेचा तमाशा बंद करून त्या वर्गणीत शाळेला पत्रे घालायचे का? मडकं. शाळेसमोरची पुंजारामची पानटपरी हलवायची का? मडकं. दोन्ही वेळा नानासाहेब नको म्हणत होते, आणि दोन्ही वेळा हरले. पुंजारामची टपरी एका दिवसात उठली, आणि तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत ती नाल्याकडं ओढून घेऊन गेला. सारजाबाई तेव्हा हसली होती. शेजारची द्वारकाबाई, तिची बालपणापासूनची सखी, दर वेळी फडकं बांधायला आणि दाणे मोजायला असायची. दोघींची लग्नं एकाच मांडवात ह्या गावात झाली, दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. द्वारकाबाई म्हणायची, "सारजे, तुझं मडकं म्हणजे हायकोर्ट झालंय बघ." आणि सारजाबाई खूश व्हायची. का होऊ नये? स्वतःच्या डोक्यातून काढलेली हिकमत, आणि ती चालत होती.

आणि मग एके दिवशी नानासाहेब स्वतः तिच्या दारात आले. खाली बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "वहिनी, मी हरलो. तुमचं मडकं लई इन्साफाचं. आता माझा बी एक विषय त्यात टाका."

विषय असा होता. रस्त्याला लागून गायरानाचा जो कोपरा आहे, तिथं पुण्याची कुठलीशी कंपनी गोदाम बांधणार. गावातल्या पंधरा पोरांना कायमची नोकरी. अडचण एकच. त्या कोपऱ्यात मुंजाबा धनगराचं बिऱ्हाड होतं. दोन झोपड्या, एक मेंढवाडा आणि त्यांनी स्वतः खांदलेली विहीर. तीस वर्षं झाली असतील. "आपण कोण ठरवणारे?" नानासाहेब म्हणाले. "गावाला इचारा. मुंजाबाचं बिऱ्हाड उठवावं का? ज्वारी का तूर?"

सारजाबाईनं नोटिशीवर सही केली. हो, केली! आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई अन् तिला कळलं नाही? तिला आपल्या मडक्याचा गर्व झाला होता, दुसरं काय. नानासाहेबांनी मडक्यापुढं मान तुकवली ह्यातच ती विरघळली. 'लोकांना विचारायला भ्यायचं कशाला?' असं तिनं नवऱ्याला वर ऐकवलं. नवरा रामकिसन शेतातून आलेला, पाय धूत होता. तो नुसता 'हूं' म्हणाला. तो कायमच 'हूं' म्हणायचा.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मुंजाबाची बायको बानाबाई आली. मुंजाबा आणि दोन्ही पोरं मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेली, ती काही पावसाळ्याआधी परतणार नव्हती. घरी ही, दोन सुना आणि म्हातारी सासू. बानाबाई उंबऱ्याच्या बाहेरच टेकली.

"अक्का, मला बी दाणे भेटतील ना?"

"भेटतील की. तुझं नाव यादीत हाये."

"अन् सुनांना? सासूला?"

"त्यांना बी."

बानाबाईनं बोटं मोजली. "मंग मी कोणता टाकू? तुम्ही सांगा. मला त्यातलं कळत नाय."

"तूर टाक. तूर म्हंजी उठवू नका."

"बरं. मंग आमच्या चार तुरी झाल्या. अन् तुमची एक. पाच." ती हसली. तिच्या चेहऱ्यावर अशी निर्धास्ती होती की सारजाबाईला तिच्याकडं बघवेना. "पाच लई झाल्या ना, अक्का?"

सारजाबाईनं मनातल्या मनात हिशोब केला. सभेत मतं पडणार अडीचशेच्या घरात. पंधरा नोकऱ्या म्हणजे पंधरा घरं, त्यांचे भाऊबंद, त्यांचे पाहुणे. जिच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं, तिलाच आपण हातात दोन दाणे देऊन रांगेत उभं करणार, आणि वर म्हणणार, बघ, तुला पण विचारलं हो! हे असलं काम तर नानासाहेबांनी हात वर करायला लावून पंचवीस वर्षांत केलं नव्हतं.

"बाने," ती म्हणाली, "भाकर खाऊन जा."

बानाबाई गेल्यावर सारजाबाईनं लुगडं बदललं, जालन्याकडून येणारी एसटी धरली आणि शहर गाठलं. क्रांती चौकात उतरून थेट पंचायत समितीच्या साहेबाकडं. साहेब भला होता. फाईल बघून म्हणाला, "बाई, विषय नोटिशीवर घेतलाय तुम्हीच. सभेत घेतला नाही तर लोक बोंबलतील, घेतला तर ठराव होईल. मी काय करू?" सारजाबाई म्हणाली, "काय करू नका. गायरानातल्या सगळ्या घरांची यादी तेवढी द्या." साहेबाला त्यात काही वावगं दिसलं नाही. यादी घेऊन ती परतीच्या गाडीत चढली तेव्हा चिकलठाण्याच्या कारखान्यांची पाळी सुटली होती आणि गाडीत बसायला जागा नव्हती. तिनं उभ्या उभ्याच यादी वाचली, आणि वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर तो जुना खट्याळ रंग आला.

दुसऱ्या दिवशी पारावर एवढी गर्दी की पोरं भिंतींवर. गोदामाची वार्ता सगळ्यांच्या तोंडी. द्वारकाबाईनं नवं फडकं आणलं होतं. तिचा पोरगा चिकलठाण्याला ठेकेदाराकडं जायचा, आज काम तर उद्या घरी, आणि पंधरात त्याचं नाव नानासाहेबांनी धरलं होतं. बानाबाई सासूला पाठंगुळी घेऊन आली होती. चौघी कडेला बसल्या होत्या.

सारजाबाई उभी राहिली. पदर खोचला.

"बद्रीनाथ, लिहून घ्या. मुंजाबाच्या बिऱ्हाडाचा विषय मडक्यात जाणार नाय."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो गलका झाला! नानासाहेब हात वर करून उठले. "वहिनी, ही काय पद्धत? तुमच्या सोयीचं असंल तवा लोकमत, अन् नसंल तवा हुकूमशाही? घाबरलात का लोकांना?"

"घाबरले," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"मंग माझ्या टपरीच्या टायमाला कुठं गेली व्हती ही भीती?" मागून आवाज आला. पुंजाराम उभा होता, मान ताठ. "मला उठवलं तवा तर दात काढत व्हत्या. मला कुणी घरी बोलावून इचारलं, का रे पुंजा, तुझं पोट कसं भरंल?"

हा घाव वर्मी बसला. सारजाबाईनं त्याच्याकडं सरळ बघितलं.

"चुकलं माझं, पुंजाराम. टपरी शाळेसमोर नको व्हती, हे आज बी म्हणते. पण तुझ्याशी आधी बोलायला पायजे व्हतं. तुला जागा दाखवायला पायजे व्हती. ते केलं नाय, नुसतं मडकं पुढं केलं. ते सोपं व्हतं."

पुंजारामला हे अपेक्षित नव्हतं. तो उगाच टोपी नीट करत खाली बसला.

"त्ये माफीबिफी राहू द्या," नानासाहेब म्हणाले. "गायरान गावाचं. त्यात कुणी राहावं अन् कुणी नाय, हे गावच ठरवणार. गावाला बोलू द्या!" आणि गावानं हो हो केलं.

"बरं," सारजाबाई म्हणाली. "नाना म्हणतात ते खरं धरू. गायरानातलं घर उठवायचं का, हे गाव ठरवणार. मंग एकट्या मुंजाबाचंच कामून?" तिनं कमरेची यादी काढली. "बहात्तरच्या दुष्काळानंतर आपली नवी आळी कुठं बसली? गायरानात. ही सरकारी यादी. त्रेसष्ट घरं हायेत. मुंजाबा अठ्ठावन्नावा. वरून सुरू करू. पयलं नाव रामकिसन, म्हंजी माझं घर. द्वारके, दाणे वाट. इचारणा साधी हाये. सारजाबाईचं घर उठवावं का? ज्वारी, हो. तूर, नाय. ज्वारी जास्त झाली तर पंधरवड्यात मी घर रिकामं करते. लिहा बद्रीनाथ, सही करते."

रामकिसन पिंपळाखाली बसला होता. साऱ्या गावाला विचारणाऱ्या ह्या बाईनं नवऱ्याला मात्र विचारलं नव्हतं. त्यानं कपाळावर हात मारला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच 'हूं' म्हणायचं विसरला.

"अगं ये भवाने, येडी झालीस का?" द्वारकाबाई कुजबुजली.

"वाट म्हणते ना!"

लोक हसत होते. सारजाबाईलाही धाकधूक नव्हती. तिला पुरती खातरी होती. तिनं इथल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं केलेली, टाकी आणलेली, शाळेवर पत्रे घातलेले. पाच-पंचवीस ज्वारी पडंल, नानासाहेबांच्या माणसांची. बाकी सगळी तूर. मग लोकांना कळंल, की घर काय चीज असते, आणि बानाबाईचा विषय आपोआप खलास होईल. असा तिचा हिशोब होता, आणि ती रांगेकडं बघून सुपारी चघळत होती. रांग हळूहळू सरकली. बानाबाईनं सासूचा हात धरून मडक्यात घातला. नानासाहेबांनी दाणा टाकला. पुंजारामनं टाकला. शेवटी द्वारकाबाईनं टाकला, आणि मडकं पारावर अंथरलेल्या धोतरावर उपडं केलं.

दहा-दहाच्या ढिगल्या लावायला पुंजाराम आणि द्वारकाबाई बसले. ज्वारीच्या ढिगल्या वाढायला लागल्या तसं हसणं कमी होत गेलं. पाच झाल्या. आठ झाल्या. दहा. सारजाबाईच्या तोंडातली सुपारी थांबली. द्वारकाबाई मान वर करत नव्हती, तिची बोटं दाण्यांवरून घसरत होती. अकरा ढिगल्या झाल्या आणि वर आठ दाणे.

"ज्वारी एकशे अठरा," पुंजाराम म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तूर... तूर एकशे पंचवीस."

कुणी टाळी वाजवली नाही. सात दाण्यांनी घर वाचलं होतं. सात! सारजाबाईनं ज्वारीच्या ढिगल्यांवरून नजर उचलली. एकशे अठरा. ती तोंडं बघत होती, एकेक. ह्याच्या पोराला मी शाळेत घातलं. हिच्या सासूला मी दवाखान्यात नेलं. ह्यातली कोणती? कोणता? आणि जो तो दुसरीकडं बघत होता. ज्यांनी तूर टाकली होती तेसुद्धा. सगळेच चोर झाल्यासारखे बसले होते, कारण आता कुणी कुणाकडं सरळ बघू शकत नव्हतं.

पण सारजाबाई मोडणारी नव्हती. तिनं डोळे पदरानं पुसले, सगळ्यांसमोर पुसले, लाजली नाही. मग यादी पुन्हा उचलली.

"माझं झालं. आता दुसरं नाव. नानासाहेबांचा नवा बंगला. या नाना. द्वारके, दाणे वाट."

नानासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पंचवीस वर्षं हे गाव त्यांनी बघितलं होतं, उघड्या हातांचं. मुठीतलं गाव त्यांना आताच दिसलं होतं. सारजाबाईला जिथं एकशे अठरा, तिथं आपल्याला किती? हा हिशोब त्यांनी झटकन केला.

"ऊन लई झालंय," ते म्हणाले. "विषय तहकूब करा."

"तहकूब नाय नाना, रद्द." सारजाबाईचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला. "तिसरं नाव द्वारकाबाईचं हाये, चौथं पुंजारामचं. कुणाला आपलं घर मडक्यात घालायचंय? बोला! ... नाय ना? मंग ऐका. टाकी कुठं बांधायची, जत्रा कवा भरवायची, रस्ता कोणता आधी करायचा, हे इचारू. रोज इचारू. ते आपल्या सगळ्यांचं हाये. पण एका माणसाच्या चुलीवर बाकीच्यांनी दाणे टाकायचे नायत. बद्रीनाथ, लिहा. कुणाचं बिऱ्हाड उठवायचं का, ही इचारणा ह्या गावात व्हणार नाय."

"मत घ्यायचं का ह्याच्यावर?" बद्रीनाथनं सवयीनं विचारलं.

"नाय घ्यायचं. सरपंच मी हाये, हे मी सांगते. गावाला पटलं नाय तर पुढल्या निवडणुकीत मला घरी बसवा. तो तुमचा हक्क हाये. अन् कंपनीला गोदाम पायजेच असंल तर टेकडीच्या बाजूला माळ पडलाय, मी स्वतः जाऊन बोलते. नोकऱ्या सोडायच्या नायत."

लोक एकेक करत उठले. बानाबाईनं सासूला पुन्हा पाठीवर घेतलं, आणि जाता जाता विचारलं, "अक्का, झालं का? आमचं घर ऱ्हायलं?"

"ऱ्हायलं."

"बघा, म्हणलं व्हतं ना, पाच लई झाल्या," ती म्हणाली, आणि समाधानानं गायरानाच्या वाटेला लागली.

सांजच्याला सारजाबाई चुलीपुढं बसली होती. रामकिसन तिच्या शेजारी येऊन पाटावर बसला, आणि हे त्याच्या मानानं पुष्कळ होतं. तेवढ्यात दारात द्वारकाबाई आली. हातात विरजणाची रिकामी वाटी. तीस वर्षं झाली, दोघींच्या घरात एकच विरजण चालायचं. हिचं संपलं की तिच्याकडून, तिचं संपलं की हिच्याकडून. पण आज ती उंबऱ्यातच थांबली. आत येईना.

"सारजे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "ती नोकरी माझ्या पोराला... मला वाटलं, तू उठलीस तर मुंजाबा बी उठंल... माझ्या मुठीत..."

"द्वारके!"

सारजाबाई एवढ्या जोरात ओरडली की द्वारकाबाई दचकली. सारजाबाई उठली, दारात आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. साऱ्या गावाला विचारत सुटणारी ही बाई, पण हा एक दाणा तिला विचारायचा नव्हता. तिला कळला होता तो, न सांगता.

"सांगू नको," ती म्हणाली. "नियम माझाच हाये. कुणी कुणाला सांगायचं नाय."

तिनं द्वारकाबाईच्या हातातली वाटी घेतली, आत जाऊन दोन चमचे विरजण घातलं, आणि बाहेर येऊन परत तिच्या हातात दिली.

"दूध कोमट असू दे," ती म्हणाली. "मागल्या टायमाला गरम दुधात घातलंस, तवा नासलं व्हतं."